बादलीतला कप

डोळे मिटा आणि एक चित्र डोळ्यांसमोर आणा.

तुमच्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता आहे ना, पायी अर्ध्या तासाचा? तो रस्ता उचला आणि जमिनीत सरळ उभा रोवा. तेवढं खोल एक भोक, म्हणजे बोअर. रुंदीला मात्र एवढं अरुंद, की आत डोकावलात तर कान कडेला घासतील. त्या भोकाच्या पार तळाशी वहीच्या पानांसारखा थरांचा काळा दगड आहे, आणि त्या दगडाच्या पोटात गॅस कोंडून बसला आहे. किती वर्षांपासून ते मोजायला आकडे पुरायचे नाहीत. तो आपण होऊन बाहेर येत नाही. मग माणसं वरून पाणी, रेती आणि थोडी रसायनं अशा जोराने खाली लोटतात, की त्या दगडाला केसासारख्या भेगा पडतात. पाणी काही प्रमाणात परत वर येतं, पण रेतीचे कण भेगांत अडकून राहतात आणि त्यांना मिटू देत नाहीत. गॅस हळूहळू वर यायला लागतो. या सगळ्या खटाटोपाला फ्रॅकिंग म्हणतात.

आता त्याच भोकातून वर या. जमिनीच्या पुष्कळच जवळ आलात की पाण्याचा थर लागेल. विहिरींना पाणी येतं ते इथून. भोक या थरातूनच आरपार गेलेलं असतं. म्हणून त्यात पोलादी नळ घालतात, आणि नळ व जमीन यांच्यामध्ये जी बोटभर फट उरते तिच्यात सिमेंट भरतात. खालचा गॅस नळातूनच वर यावा, फटीतून चोरपावलांनी चढून पाण्यात शिरू नये, एवढंच त्या सिमेंटचं काम. पण एवढ्या मोठ्या कामाचा जीव असतो तो त्या बोटभर सिमेंटात.

उघडा डोळे. ते सिमेंट भरणारा एक मुकादम होता, आणि त्याला दहा वर्षांची एक मुलगी होती.

तिला घरात मुंगी म्हणत. कारण ती कधी एका जागी नसायची आणि जिथून येईल तिथून काहीतरी उचलून आणायची: एखादा नट, तारेचा तुकडा, गुळगुळीत दगड. बाबांच्या टोळीतली माणसं मात्र तिला ‘तपासनीस मॅडम’ म्हणत, आणि त्याचं कारण होतं एक कप.

सिमेंट एकदा जमिनीत गेलं की दिसत नाही. ते घट्ट झालं की नाही हे कळणार कसं? म्हणून भरताना त्यातलंच थोडं एका कपात काढून ठेवायची पद्धत होती. कपातलं सिमेंट नखाने दाबलं आणि खूण उमटली, तर थांबायचं. खूण उमटली नाही, तर खालचंही घट्ट झालं असं धरायचं आणि पुढचं काम सुरू करायचं. बहुतेक मुकादम तो कप ऑफिसच्या टेबलावर ठेवून देत. मुंगीच्या बाबांची मात्र स्वतःची एक रीत होती. ते कप बादलीत ठेवत. बादलीत शेजारच्या विहिरीचं पाणी, आणि बादली घरामागच्या उघड्या छपरीत, पोत्यात गुंडाळून. जमिनीत जेवढा गारवा आहे तेवढाच कपालाही मिळाला पाहिजे, असं ते म्हणत. सिमेंट उबेत लवकर घट्ट होतं आणि गारठ्यात रेंगाळतं. ऑफिसातला कप गरम खोलीत बसून मोठ्या साहेबासारखा सही ठोकतो, आणि जमिनीतलं सिमेंट बिचारं अजून ओलंच असतं, हे त्यांचं नेहमीचं बोलणं. टोळीतले लोक हसत. पण बाबांनी भरलेला एकही बोअर कधी पाझरला नव्हता.

दिवसा दर दोन-तीन तासांनी बादलीतलं पाणी बदलावं लागे, रात्री मात्र पोत्यामुळे ते तसंच टिके. संध्याकाळचं पाणी बदलायचं काम मुंगीचं. मग सकाळी बाबा कप बाहेर काढत, आधी तिला दाबून पाहायला सांगत आणि मग स्वतः दाबत. म्हणून ती तपासनीस.

त्यांचं घर कंपनीच्या वसाहतीत होतं, पत्र्याच्या दोन खोल्यांचं. कुंपणापलीकडे एक रोपवाटिका होती. तिथल्या बाईंना मुंगी मावशी म्हणायची आणि बाबा ताई. विहीर त्यांचीच. बाई तोंडाने फटकळ होत्या, पण आई दवाखान्यात कामाच्या पाळीला गेली की मुंगीचा दुपारचा मुक्काम त्यांच्याकडेच असे. गॅसच्या बोअरांबद्दल त्यांचं स्वतःचंच कधी एक मत झालं नाही. पूर्वी थंडीत त्यांची अर्धी रोपं गारठून जात. आता काचघरात गॅसची शेगडी होती आणि एक रोप दगावत नव्हतं. पण दिवसभर दारावरून ट्रक जात, पानांवर धूळ बसे, आणि बोअरमधून परत आलेलं गढूळ खारट पाणी ज्या तळ्यात साठवत त्या तळ्याच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर त्यांचा काडीइतकाही विश्वास नव्हता. मागच्या वर्षी एकदा जमीन जराशी हादरून फडताळातल्या बश्या आपोआप वाजल्या तेव्हा त्या बाबांना म्हणाल्या होत्या, की तुमच्या गॅसवर माझी रोपं जगतात, एक दिवस तुमच्या गॅसनेच मरतील, आणि तुम्ही मात्र दोन्ही वेळा माझ्याकडे चहा प्यायला याल. बाबांनी बशी पुढे केली होती.

आईचं म्हणणं वेगळं. ती दवाखान्यात परिचारिका होती. तिथला बंब पूर्वी कोळशावर चालायचा, खिडक्यांच्या चौकटी काळ्या व्हायच्या, आणि हिवाळ्यात धाप लागलेली लहान मुलं ओळीने यायची. बंब गॅसवर गेल्यापासून ती रांग आखूड झाली होती. गॅस चांगला की वाईट हे तिला विचारू नका, असं ती म्हणे. तो कुठे आहे ते विचारा. बंबात असला तर चांगला.

तर असे दिवस चालले होते, आणि मुंगीच्या शाळेत पालकांना वर्ग पाहायला बोलावलं.

प्रत्येक मुलाने एकेक गोष्ट करून दाखवायची होती. मुंगीने काचेच्या मोठ्या बरणीत खडी, वाळू, माती असे थर भरले होते. वरून गढूळ पाणी ओतायचं, आणि तळाशी लावलेल्या नळीतून ते स्वच्छ होऊन येतं हे दाखवायचं. विहिरीला पाणी कसं येतं, हा तिचा धडा. महिनाभर तिने घरात दुसरा विषय काढला नव्हता.

याआधी दोन वेळा बाबा शाळेत येणार होते आणि दोन्ही वेळा आले नव्हते. यावेळी त्यांनी कबूल केलं होतं. पण कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांच्या टोळीने एका नव्या बोअरचा वरचा, पाण्याच्या थरातून जाणारा नळ सिमेंट करून टाकला; त्याखालचं खोदकाम अजून व्हायचं होतं. मावशींच्या विहिरीला सगळ्यात जवळचा होता तो बोअर. थंडी कडाक्याची होती. अशा गारठ्यात कप घट्ट व्हायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडते हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कप घट्ट झाल्याशिवाय बाबा जागचे हलत नाहीत हेही. कार्यक्रम सकाळी दहाचा.

बाबांनी तिची समजूत घातली. आई येईलच, असं ते म्हणाले. दोन दिवसांच्या जागरणाने त्यांचे डोळे तांबारले होते. संध्याकाळचं पाणी बदलशील ना, एवढं विचारून ते आडवे झाले आणि लगेच घोरायला लागले.

मुंगी ताजं पाणी घेऊन छपरीत गेली. कप बाहेर काढला, नखाने दाबला. नख लोण्यात रुतावं तसं रुतलं.

आता ती काय विचार करत होती ते नीट समजून घ्या, कारण तिला फसवाफसवी करायची नव्हती. तिने आजवर पन्नासेक कप पाहिले होते. कप घट्ट झाला, की बाबा फोनवर सांगायचे, बोअर घट्ट झाला. दर वेळी असंच. कप आधी, बोअर मागून. तेव्हा कप लवकर घट्ट झाला तर बोअरही लवकर घट्ट होईल, यात तिला काही वावगं दिसलं नाही. दोघांची काहीतरी आतून गाठ आहे, असंच ती धरून चालली होती.

तिने कप घरात आणला आणि हीटरच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवला.

सकाळी सहाला तो दगडासारखा झाला होता. गरमही होता. तिने तो मुकाट्याने पुन्हा बादलीत नेऊन ठेवला. का नेऊन ठेवला, हे तिलाही सांगता आलं नसतं. जागच्या जागी ठेवावा असं वाटलं, एवढंच. पण ते करताना तिने दाराकडे एकदा वळून पाहिलं, हे खरं.

सातला बाबा उठले. कप काढला, तिच्यापुढे धरला. तिने दाबला. खूण नाही. बाबांनी दाबला. खूण नाही. त्यांनी कप उलटा करून पायरीवर ठोकला. टणटणीत आवाज आला. छपरीबाहेर गवतावर दहिवर गोठलं होतं, त्याकडे त्यांनी पाहिलं. मग कपाकडे पाहिलं. मग मुंगीकडे, तिच्या इस्त्री केलेल्या शाळेच्या कपड्यांकडे.

“बराच लवकर झाला,” ते म्हणाले. आणि मग त्यांनी फोन करून खोदकाम पुढे चालू करायला सांगितलं.

दहा वाजता ते वर्गात एका बुटक्या बाकावर बसले होते, गुडघे हनुवटीला लागलेले, सिमेंटने भेगाळलेले हात मांडीत लपवलेले. मुंगीने गढूळ पाणी ओतलं. नळीतून थेंब थेंब स्वच्छ पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांच्या टाळ्या सगळ्यात शेवटी सुरू झाल्या आणि सगळ्यात शेवटी थांबल्या. घरी येताना त्यांनी बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरून आणली.

त्यानंतर तीन आठवडे काहीच झालं नाही. बोअर खोल खोल गेला, दगडापर्यंत पोचला, आडवा वळला. मग एका दुपारी मुंगी मावशींकडे पाणी प्यायला लागली आणि थांबली. पेल्यातलं पाणी दुधासारखं पांढुरकं होतं. टेबलावर ठेवल्यावर ते हळूहळू निवळलं, पण गढूळ पाणी वरून निवळतं तसं नाही. हे खालून वर निवळत गेलं. बारीक बुडबुडे चढत होते आणि वर येऊन विरत होते.

मावशी दोन दिवसांपासून हे पाहत होत्या. माझ्या विहिरीला खोकला झालाय, असं त्या म्हणाल्या, पण नेहमीसारखं हसल्या नाहीत. विहिरीवरचं झाकण त्यांनी उघडं टाकलं होतं आणि पंपघरात काडी ओढायची नाही असं सगळ्यांना बजावलं होतं. पाण्याला रंग नव्हता, वास नव्हता. पण बंद जागी असा गॅस साठला आणि ठिणगी पडली तर काय होतं, हे त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

त्या ऑफिसात गेल्या. साहेब म्हणजे तिथले मुख्य इंजिनियर. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पाण्याचे नमुने घ्यायला माणूस पाठवला. त्याने पाण्याच्या आतच बाटल्या भरल्या आणि आतच झाकणं लावली, म्हणजे एकही बुडबुडा निसटू नये. अहवाल यायला दोन आठवडे लागणार होते. पण अशा भागात काही विहिरींना मुळातच थोडा गॅस असतो, असं साहेब म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं, असतो काही ठिकाणी. आणि मग त्यांनी बाबांना बोलावून सगळ्यांदेखत विचारलं, की तुमचं सिमेंट कसं होतं.

बाबांनी सांगितलं, माझा कप मी स्वतः दाबून पाहिला आहे. पंधरा वर्षांत कपाने मला फसवलेलं नाही.

मावशी बाबांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तुम्ही म्हणता तर तसं असेल, आणि घरी आल्या. साहेबांपेक्षा त्यांचा बाबांवर विश्वास जास्त होता. पंपांचे ट्रक दुसऱ्या दिवशी यायचे होते. तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रॅकिंग सुरू व्हायचं होतं.

हे सगळं बाबांनी रात्रीच्या जेवणाला बसल्यावर आईला सांगितलं. मुंगी ताटातलं चिवडत होती. तिने विचारलं, कप घट्ट झाला म्हणजे बोअर घट्ट होतोच ना? बाबा म्हणाले, हो, दोघांना सारखाच गारवा दिला तर होतो. तिने पुन्हा विचारलं, आणि कपाला गारवा नाही दिला तर?

बाबा काही म्हणायच्या आत आईच बोलली. दिवसभराची दमलेली, हसत हसत.

“अगं, थर्मामीटर गार पाण्यात बुचकळला म्हणून पोराचा ताप उतरतो का? पोर तापलेलंच असतं. आपल्याला तेवढं कळत नाही.”

मुंगीच्या हातातला घास तसाच राहिला.

तिच्या डोक्यातली ती आतली गाठ त्या क्षणी सुटली. कप बोअरला काही करत नव्हता. कप फक्त सांगत होता, आणि तिने त्याला खोटं सांगायला लावलं होतं. ज्या रात्री कप हीटरमागे ऊब घेत होता, त्या रात्री जमिनीत, पाण्याच्या थराशेजारी, सिमेंट तसंच लोण्यासारखं मऊ होतं. आणि सकाळी बाबांच्या एका फोनवर त्याच्या आतून खोदायची अवजारं धडधडत खाली गेली होती. कच्चं सिमेंट हादरलं असेल. नळापासून सुटलं असेल.

उठून बोलावं की बोलू नये, हे तिला ठरवता येईना. बोलली तर बाबांनी सगळ्यांदेखत दिलेला शब्द खोटा पडणार. न बोलली तर परवा सकाळी ते पंप सुरू होणार, आणि मावशींच्या पेल्यात जे चढत होतं ते आणखी किती चढेल कोण जाणे. पण तिला सगळ्यात जास्त बोचत होती ती वेगळीच गोष्ट. बाबा म्हणाले होते, कपाने मला फसवलेलं नाही.

सकाळी बाबा बूट घालत होते तेव्हा ती समोर जाऊन उभी राहिली.

“त्या दिवशी मी कप हीटरमागे ठेवला होता. रात्रभर. तुम्ही शाळेत यावं म्हणून.”

बाबांचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. ते ओरडतील असं तिला वाटलं होतं. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते नुसते बसून राहिले, एका पायात बूट, एक पाय उघडा.

“गवतावर बर्फ होता,” ते म्हणाले. “एवढ्या लवकर होणार नाही हे मला माहीत होतं. तू दहा वर्षांची आहेस. मला पंधरा वर्षं झाली या कामात. पण मलाही यायचं होतं गं शाळेत. म्हणून मी कपाला दुसऱ्यांदा विचारलं नाही.”

मग त्यांनी दुसरा बूट घातला.

ऑफिसच्या खोलीला पातळ फळ्यांच्या भिंती होत्या. मुंगी ऑफिसच्या कुंपणाबाहेर उभी होती तरी तिला आतलं सगळं ऐकू येत होतं. बाबांनी साहेबांना सांगितलं, की कप उबेत राहिला होता, चूक माझी आहे, पंप चालू करू नका. कप उबेत कसा राहिला हे साहेबांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा बाबांनी एवढंच म्हटलं, की बादली माझी, कप माझा. साहेब चिडले. तीस ट्रक वाटेत आहेत आणि तुम्ही आज सांगताय, असं म्हणाले. नळाचा दाब तपासला होता, तो ठीक होता, मग तुम्हाला काय स्वप्न पडलं का, असंही म्हणाले. दाबाने नळ कळतो, नळामागचं सिमेंट कळत नाही, असं बाबांनी शांतपणे सांगितलं. आणि मग ते तिथेच उभे राहिले. ते उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाहीत हे साहेबांना कळायला पंधरा मिनिटं लागली.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ट्रक थांबवले. तारेला बांधून एक यंत्र नळात उतरवलं. ते यंत्र आतून आवाज करत जातं आणि परत येणारा आवाज ऐकतं. तुम्ही भिंतीवर बोटाने टकटक करून पाहा, भरीव असली तर एक आवाज येतो, मागे पोकळ असली तर दुसरा. तसंच. यंत्र वर आलं तेव्हा कागदावर रेघ उमटली होती. पाण्याच्या थराच्या जरा खालपासून वरपर्यंत, घरावर घर रचून बारा मजले होतील एवढ्या उंचीत, नळ पोकळ वाजत होता.

बोअर बंद ठेवला. मावशींना टँकरने पाणी सुरू झालं. विहिरीतला गॅस फट बुजल्यावर हळूहळू जाईल असं साहेब म्हणाले. किती दिवसांत, ते कोणी म्हणालं नाही. आणि बाबांची मुकादमी गेली. आता ते सिमेंट कालवायची पिंपं धूत होते.

मुंगीने मावशींना स्वतः जाऊन सगळं सांगितलं. मावशी रोपांच्या पिशव्यांत माती भरत होत्या, त्या भरतच राहिल्या. खूप पिशव्या भरून झाल्यावर त्यांनी हात झटकले.

“तुझ्या बापाने तोंड उघडलं म्हणून मला आज कळतंय तरी. नाहीतर विहिरीला मुळातच खोकला होता असं ऐकत म्हातारी झाले असते.” मग त्या म्हणाल्या, “माफबिफ मी इतक्यात करणार नाही. विहीर बरी होऊ दे, मग बघू. तोवर ये तू, माती भरायला माणूस लागतोच.”

दहा दिवसांनी फट बुजवायचं काम लागलं. नळाला जागोजागी भोकं पाडून त्यातून नवं सिमेंट मागे दाबायचं होतं. नव्या मुकादमाने ते दुपारपर्यंत उरकलं. बाबांनी त्याला बादलीचं सांगून पाहिलं. ती बादली आता तुमच्याकडेच ठेवा, तिनेच घोटाळा केला ना, असं तो म्हणाला, आणि चार माणसं हसली. बाबा परत पिंपांकडे गेले. ते काही बोलले असते तरी आता त्यांचं कोण ऐकणार होतं.

मुंगी शाळेतून येत होती. ऑफिसच्या कुंपणापाशी आल्यावर तिला आतली खिडकी दिसली. काचेवर आतून वाफ धरली होती. वाफेमागे, खिडकीच्या आतल्या फळीवर, हीटरच्या अगदी वर, एक कप होता.

बाबा पाठमोरे होते. पिंपावर ब्रश घासल्याचा आवाज येत होता.

मग ती घरी गेली. दप्तर टाकलं, छपरीतून बादली घेतली, कुंपणाला वळसा घालून मावशींच्या विहिरीवर गेली. पाणी प्यायला चालत नव्हतं, पण गार पूर्वीइतकंच होतं. तिने बादली काठोकाठ भरली. दर दहा पावलांवर खाली ठेवत, हात बदलत, तिने ती ऑफिसच्या फाटकापर्यंत आणली. मुलांना आत यायची मनाई आहे, हे पहारेकऱ्याने तिला सांगितलं. तिने मान डोलावली आणि आत गेली. तिच्या बुटांत पाणी शिरलं होतं, ते प्रत्येक पावलाला वाजत होतं. पिंपावरचा ब्रश थांबला. तिने तिकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर तिला रडू आलं असतं.

ऑफिसचं दार साहेबांनीच उघडलं. मागे नवा मुकादम फोन हातात धरून उभा होता.

“मागचा कप हीटरपाशी मी ठेवला होता,” मुंगी म्हणाली. “बाबांनी नव्हता ठेवला.”

तिने बादली उंबऱ्यावर ठेवली, अशी की दार लावता येऊ नये. आणि मग खिडकीतल्या कपाकडे पाहत तिने हात पुढे केला.